वकील मिळाला, वर्षे गेली

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिच्यात दोन भीती आहेत : एक खर्चाची, दुसरी काळाची. पहिलीवर कायद्याने उपाय शोधले. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत निर्धनाला कोर्ट फी न भरता दावा लावण्याची सोय झाली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ३९-अ आले आणि गरिबाला मोफत कायदेविषयक साहाय्य देणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. दुसऱ्या भीतीचे काय झाले, हे पाहायचे तर भोपाळकडे पाहावे.

काही वर्षांपूर्वी भोपाळला गेलो असता नेहरूनगरात एका नातलगांकडे उतरलो होतो. युनियन कार्बाइडचा कारखाना तेथून बराच दूर, शहराच्या उत्तर भागात. तरीही जेवताना विषय त्या रात्रीवरच आला. यजमान म्हणाले, “वायू एका रात्रीत आला अन् गेला. खटला मात्र आमची मुले मोठी झाली तरी चाललाच होता.”

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या त्या मध्यरात्री हजारो माणसे मेली, लाखोंना इजा झाली. बहुतेक जण हातावर पोट असणारे. अमेरिकन कंपनीशी त्यांनी कसे लढावे? म्हणून संसदेने १९८५ मध्ये कायदा करून सर्वांच्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे घेतला. सरकारी खर्चाने दिवाणी न्याय मागण्याचा एवढा मोठा प्रयोग आपल्या देशात पूर्वी झाला नव्हता.

दावा प्रथम न्यूयॉर्कला गेला. मे १९८६ मध्ये न्यायाधीश कीनन यांनी तो भारतातच चालावा असे ठरवले. सप्टेंबरात भोपाळच्या जिल्हा न्यायालयात तो दाखल झाला. तेथील न्यायाधीश होते एम. डब्ल्यू. देव, हे आडनाव आपल्याला परके नाही. अंतिम निकाल लागेपर्यंत आजारी माणसाने खायचे काय, हा साधा प्रश्न त्यांनी ओळखला आणि १७ डिसेंबर १९८७ रोजी ३५० कोटी रुपयांच्या अंतरिम मदतीचा आदेश दिला. एप्रिल १९८८ मध्ये उच्च न्यायालयाने ती रक्कम २५० कोटींवर आणली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये तेथे ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ज्यांच्या नावाने तडजोड झाली, त्यांना आधी कोणी विचारले नव्हते.

त्याच वर्षी डिसेंबरात, चरणलाल साहू प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने १९८५ चा कायदा वैध ठरवला. पण पीडितांचे म्हणणे ऐकायला हवे होते, हेही मान्य केले. दरमहा २०० रुपयांची अंतरिम मदत १९९० मध्ये सुरू झाली. तडजोडीवरील फेरविचाराचा निकाल ऑक्टोबर १९९१ मध्ये लागला आणि भरपाईचे वाटप १९९२ पासून सुरू झाले. म्हणजे आठ वर्षे. दहा लाखांहून अधिक दावे आले होते. इजा झालेल्या बहुतेकांच्या वाट्याला २५ हजार रुपये आले. डॉलरचा वाढता भाव आणि व्याज यांमुळे शिल्लक राहिलेले सुमारे १५०० कोटी रुपये वाटण्याचा आदेश निघाला जुलै २००४ मध्ये. वाढीव भरपाईसाठी सरकारने केलेली याचिका १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली गेली. तोवर अडतीस वर्षे झाली होती.

विधिसेवा प्राधिकरण कायदा १९८७ मध्ये संमत झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अमलात आला. मोफत वकिलाला पात्र असलेल्यांत सामूहिक आपत्तीचे बळी त्याने स्पष्टपणे नोंदवले. तरतूद मोलाची आहे. परंतु भोपाळच्या पीडितांना वकील नव्हता असे कुठे होते? साक्षात भारत सरकार त्यांचे वकील होते. त्यांना मिळाली नाही ती लवकरची तारीख, आणि आपले म्हणणे आपल्या भाषेत मांडण्याची संधी. कागद इंग्रजीत, पीडित हिंदी-उर्दू बोलणारे. परक्या भाषेतला कागद हातात घेऊन कचेरीच्या ओट्यावर बसणे काय असते, हे आम्हा सीमाभागातल्या माणसांना वेगळे सांगायला नको.

तालुक्याच्या न्यायालयात आज विधिसेवा समितीकडे अर्ज करता येतो, आणि गरजूंनी तो जरूर करावा. पण तो करताना ‘वकील मिळेल का?’ याबरोबरच ‘निकाल केव्हा?’ हेही आपण विचारले पाहिजे. म्हणीतली पहिली भीती बरीचशी सरली आहे. दुसरी अजून तशीच आहे.