डिटेक्टर नेमका किती खोल पाहतो?

 

फौजेत इंजिनिअर होतो असं कळलं की लोक हमखास विचारतात, "कर्नलसाहेब, मेटल डिटेक्टर जमिनीत किती खोलवरचं दाखवतो?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाड्याखालचं गुप्तधन असतं. माझ्या मनात मात्र एक पाऊल येतं. शेतकऱ्याचं, अनवाणी.

गोष्ट १८८१ पासून सुरू करू. २ जुलैला वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरात अडकली. ती शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यंत्र घेऊन आले. दोन कॉइल, त्यांचा तोल साधलेला, धातू जवळ आला की तोल बिघडतो आणि कानाला आवाज येतो. यादवी युद्धातल्या ज्या जुन्या सैनिकांच्या अंगात गोळ्या राहिल्या होत्या, त्यांच्यावर बेल यांनी आधी चाचणी घेतली. यंत्र चाललं. राष्ट्राध्यक्षांवर मात्र गोंधळ झाला. गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय गोळी उजवीकडेच आहे अशी डॉक्टरांची ठाम समजूत होती, म्हणून शोध उजव्या बाजूलाच झाला. १९ सप्टेंबरला गारफील्ड गेले. शवविच्छेदनात गोळी मणक्याच्या डावीकडे, खोल सापडली.

यंत्र खोटं नव्हतं. चाचणी एका परिस्थितीत झाली आणि काम दुसऱ्याच परिस्थितीत करावं लागलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता १९४१. आपल्या बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे खडकीच्या पलटणीचे, सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्र सिंग भगत. सुदानच्या सीमेवरून इथिओपियात इटालियन फौजेचा पाठलाग चालू होता. वाटेत सुरुंगच सुरुंग. चार दिवस, ५५ मैल, १५ सुरुंगक्षेत्रं. सर्वांत पुढच्या गाडीत भगत स्वतः. दोनदा गाडी सुरुंगावर उडाली, सोबतचे जवान गेले, तरी ९६ तास ते थांबले नाहीत. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो शोध मुख्यतः डोळ्यांच्या आणि हातांच्या भरवशावर झाला. सॅपरला चांगल्या यंत्राची गरज किती होती, हे यावरून समजावं.

ते यंत्र त्याच काळात स्कॉटलंडमध्ये आकार घेत होतं. पोलंड जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर तिथले सैनिक ब्रिटनमध्ये आले होते. त्यांच्यातला लेफ्टनंट युझेफ कोसात्स्की याने हातात धरून चालवता येईल असा सुरुंगशोधक बनवला. वजन साधारण १४ किलो. त्याने पेटंट घेतलं नाही, रचना ब्रिटिश सैन्याला देऊन टाकली. ऑक्टोबर १९४२ मध्ये अल अलामीनच्या लढाईत असे सुमारे ५०० डिटेक्टर वापरले गेले. तासाला १०० चौरस मीटर साफ व्हायचे, तिथे २०० होऊ लागले. त्या रणांगणावर आपली चौथी इंडियन डिव्हिजनही होती.

जर्मनांनी मग लाकडी पेटीचे सुरुंग पेरले, पुढे काचेचेही आणले. धातू अगदी जुजबी. यंत्र तेच, जवान तोच, पण त्याची 'खोली' एका रात्रीत उथळ झाली. म्हणजे खोली हा यंत्राचा एकट्याचा गुण नाही. यंत्र, वस्तू आणि माती या तिघांचा तो हिशेब आहे.

हिशेब असा. कॉइलचं चुंबकीय क्षेत्र धातूपर्यंत जाताना क्षीण होतं, धातूतून उठलेला प्रतिसाद परत येताना पुन्हा क्षीण होतो. कॉइलच्या मानाने वस्तू लहान आणि दूर असेल, तर अंतर दुप्पट झालं की संकेत सुमारे ६४ पट कमी होतो. यंत्राची ताकद दुप्पट केली तरी खोली जेमतेम १२ टक्के वाढते. जाहिरातीतले आकडे या तराजूत तोलून पाहा.

आणि माती? दख्खनची काळी जमीन, कोकणातला जांभा, दोन्हींत लोहखनिजं. माती स्वतःच बोलू लागते. तिचा आवाज दाबायला संवेदनशीलता कमी करावी लागते, आणि खोली घटते. म्हणून हवेत नाणं धरून केलेली चाचणी ही निव्वळ सुरुवात. खरी चाचणी जिथे काम करायचं त्याच मातीत करावी लागते. ठरलेली वस्तू मोजलेल्या खोलीवर पुरायची, काही खड्डे मुद्दाम रिकामे ठेवायचे, आणि कुठे काय आहे हे चालवणाऱ्याला सांगायचं नाही. १९९६ च्या सुधारित आंतरराष्ट्रीय करारानेही मनुष्यरोधी सुरुंगात निदान ८ ग्राम लोखंडाइतका संकेत उमटला पाहिजे असं ठरवलं. भारत त्या कराराचा भागीदार आहे.

आता माझी गोष्ट. संसदेवरच्या हल्ल्यानंतर, ऑपरेशन पराक्रमच्या वेळी, पश्चिम सीमेवर सुरुंग पेरले गेले. नंतर ते काढायचे होते. आमच्याकडे वाळवंटी पट्टा होता. रोज पहाटे काम सुरू करण्याआधी चाचणीची पट्टी. एका सकाळी एका डिटेक्टरने दहा सेंटीमीटरवरचं पकडलं, पंधरावरचं सोडलं. आदल्या दिवशी त्यानेच पकडलं होतं. काम मागे पडलेलं, वरून विचारणा चाललेली. मी म्हणालो, "साहेब, नोंदीप्रमाणे सुरुंग वरच आहेत. चालवून घेऊ."

आमचे सुभेदार साहेब सातारकडचे. त्यांनी यंत्र खाली ठेवलं. म्हणाले, "सर, नोंद कागदावर हाय. वाळू कागद वाचत न्हाई."

मी गप्प झालो. यंत्र बाजूला गेलं. त्याच दुपारी, दुसऱ्या डिटेक्टरवर, वाऱ्याने चढलेल्या वाळूखाली एक सुरुंग मिळाला. नोंदीपेक्षा बराच खोल. सकाळचं यंत्र तो चुकलं असतं का? बहुधा हो. कोणाचा पाय गेला असता, ते नाव मला माहीत आहे. त्या ओळीत पुढे चालणारा जवान आज आजोबा झालाय, दिवाळीला फोन करतो. त्याला ही गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. आज इथे सांगतोय.

म्हणून कोणी विचारलं, डिटेक्टर किती खोल पाहतो, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. आज सकाळी, याच मातीत, याच माणसाच्या हातात जितकं पाहिलं, तितकंच. कालचा आकडा कालचा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.