दिल्लीचा भाव, दुआबचे धान्य

धान्याचा भाव सुगीला उतरतो, साठे आटत जातात तसा चढतो आणि पाऊस दडी मारतो त्या वर्षी हाताबाहेर जातो. अल्लाउद्दीन खिलजीच्या कारकिर्दीत (१२९६–१३१६) दिल्लीने महिन्यांची आणि वर्षांची ही चढउतार रोखून दाखवली, असे इतिहासकार झियाउद्दीन बरनी लिहितो. गहू मणाला साडेसात जितल (तेव्हाचे लहान नाणे), जव चार, तांदूळ, हरभरा आणि उडीद पाच-पाच, मटकी तीन. तेव्हाचा मण आपल्या जुन्या मणाच्या निम्म्याहूनही हलका होता, त्यामुळे ही स्वस्ताई वाटते तितकी डोळे दिपवणारी नाही. बरनीलाही खरे नवल वाटते ते अवर्षणातही दर न हलल्याचे. माझ्या मते भावातली ही अस्थिरता नाहीशी झालीच नव्हती. ती शहराच्या वेशीबाहेर, गंगा-यमुनेच्या दुआबातल्या शेतकऱ्याच्या खळ्यावर नेऊन टाकली होती.

या खटाटोपाचे कारण लष्करी होते. १३०३ मध्ये मंगोलांनी थेट दिल्लीला वेढा दिला. मोठी फौज बाळगायची आणि शिपायाला वर्षाला २३४ टंक्यांतच (चांदीच्या नाण्यांतच) भागवायला लावायचे, तर बाजार स्वस्त हवा. त्यात १२९६ मध्ये देवगिरीच्या रामदेवरायाकडून लुटलेले सोने राजधानीत सढळ हाताने उधळले गेले होते. यादवांच्या खजिन्याने दिल्लीची महागाई वाढवली, असे काही अभ्यासक मानतात, आणि ते पटण्यासारखे आहे.

हे सगळे दहशतीने साधले, असा आक्षेप घेतला जातो. दहशत होतीच. सुलतान लहान गुलामांना पैसे देऊन खरेदीला धाडी आणि माल कमी भरला तर तेवढे मांस दुकानदाराच्या अंगातून कापले जाई. भावाची खबर रोज तीन वाटांनी त्याच्याकडे पोचे: बाजाराचा शहना (देखरेख अधिकारी), बातमीदार आणि गुप्तहेर. पण चाबकाने माप पुरे भरून घेता येते, कोठार भरता येत नाही. दुआबच्या खालसा, म्हणजे थेट सरकारच्या ताब्यातल्या, गावांचा सारा धान्याच्या रूपात घेऊन सरकारी कोठारांत साठवला जाई. धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांना बायकामुलांसह यमुनाकाठी वसवून जामीन घेतले होते. टंचाई आली की घरटी मोजून धान्य मिळे. अर्धे पीक साऱ्यात गेल्यावर उरलेलेही शेतकऱ्याने शेतावरच ठरल्या दराने बंजाऱ्यांना विकायचे, असा हुकूम होता. सुगीचा पडेल भाव त्याच्या वाट्याला, बारमाही स्थिर भाव राजधानीच्या!

बरनीने हे जवळजवळ चाळीस वर्षांनी लिहिले, आणि नंतरच्या सुलतानांना धडा म्हणून, तेव्हा त्यात अतिशयोक्ती असणार, हा दुसरा आक्षेप. तो काही अंशी खरा आहे. मात्र दरबाराशी संबंध नसलेल्या सूफी शेख नसीरुद्दीन चिराग-ए-दिल्ली यांच्या संभाषणांतही त्या काळच्या स्वस्ताईची आठवण येते, म्हणजे ती निव्वळ कागदावरची नव्हती.

अल्लाउद्दीनच्या मुलाने, मुबारकशाहने, गादीवर येताच बापाचे निर्बंध उठवले आणि साऱ्याचा बोजा हलका केला. दिल्लीत भाव चढले. बरनी त्यावर हळहळतो, आणि त्याच दमात नोकरचाकरांचे पगार कितीतरी पटींनी वाढल्याची कुरकुरही करतो.