नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेताय? लोकलमध्ये आणि ऑफिसात नेमकं काय बंद होतं ते आधी समजून घ्या

माझं ऑफिस पावणे एमआयडीसीत आहे. बाहेर ठाणे-बेलापूर रोडचे ट्रक आणि कंटेनर, शेजारच्या गाळ्यात दिवसभर चालणारा कॉम्प्रेसर, वीज गेली की जनरेटर, आणि आत मोकळ्या हॉलमध्ये एकाच वेळी पाच-सहा जण कॉलवर. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत औद्योगिक भागासाठी दिवसाची मर्यादा ७५ डेसिबल आहे, राहत्या वस्तीसाठी ५५. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे आमच्याकडे घरापेक्षा चौपट गोंगाट नियमातच बसतो!

त्यामुळे ऑफिसात नवीन आलेला मुलगा असो की मुलगी, पहिल्या पगारानंतरचा प्रश्न ठरलेला असतो: "नॉइज कॅन्सलिंगवाले कोणते घेऊ?" मी उलट विचारतो, "तुला कोणता आवाज बंद करायचाय?" कॉम्प्रेसरचा की शेजारच्या टेबलावरच्या गप्पांचा? हे दोन आवाज वेगळे आहेत, आणि हेडफोन दोघांना सारखी वागणूक देत नाही. पैसे वाया जातात ते बहुतेक इथेच.

एएनसी नेमकं करतं काय?

आवाज म्हणजे हवेच्या दाबातले चढ-उतार. हेडफोनमधला छोटा माइक बाहेरचा आवाज ऐकतो, आतली चिप त्याची बरोबर उलटी लहर तयार करते आणि स्पीकर ती कानात सोडतो. चढाच्या जागी उतार येतो आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग नावाच्या जर्मन माणसाला याचं अमेरिकन पेटंट १९३६ मध्येच मिळालं होतं. हेडफोनच्या बाबतीत गाडी पुढे सरकली ती अमर बोस यांच्यामुळे. १९७८ मध्ये युरोपातून अमेरिकेला परतताना विमानात दिलेल्या हेडफोनवर इंजिनाच्या आवाजापुढे काही धड ऐकू येईना, म्हणून त्यांनी त्याच प्रवासात आकडेमोड सुरू केली. बोस कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला १९८९ मध्ये.

हा इतिहास सांगण्याचं कारण असं, की ही गोष्ट जन्मली ती विमानाच्या एकसुरी, खालच्या पट्टीतल्या घरघरीसाठी. आजही ती त्यातच सगळ्यात पक्की आहे. उलटी लहर वेळेत पोचावी लागते, आणि चिपला थोडा तरी उशीर होतोच. समजा सेकंदाचा दहा हजारावा भाग उशीर झाला. १०० हर्ट्झची घरघर असेल तर एका लहरीचा फक्त शंभरावा भाग चुकला, काही बिघडत नाही. पण ३००० हर्ट्झचा आवाज असेल तर तेवढ्याच वेळात लहर जवळजवळ एक तृतीयांश पुढे निघून गेलेली असते. आता उलटी लहर चुकीच्या जागी पडते आणि आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतो. म्हणून कंपन्या साधारण हजार हर्ट्झच्या वर एएनसीवर फारसा भरवसा ठेवत नाहीत. तिथलं काम कुशन किंवा रबरी टिप करते, कानात बोट घातल्यासारखं, साधं अडवून.

आता पावण्याच्या आवाजांना हे लावून बघू. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तो मुख्यतः १०० हर्ट्झवर. हे एएनसीचं आवडतं खाद्य. एसीची घरघर, जनरेटर, ट्रकचं इंजिन, लोकलच्या चाकांची धडधड, विमान, एसटीचं इंजिन हे सगळं बऱ्यापैकी नाहीसं होतं. माणसाच्या बोलण्याचं मात्र तसं नाही. आवाजाचा मूळ सूर शंभर-दोनशे हर्ट्झच्या आसपास असतो, तो दबतो. पण शब्द कळतात ते स, श, त, क अशा वरच्या पट्टीतल्या व्यंजनांमुळे, आणि ती शिल्लक राहतात. परिणाम गमतीशीर होतो: पाठीमागची घरघर गेल्यामुळे शेजारच्याचं बोलणं कधीकधी जास्त स्पष्ट ऐकू येतं. "एवढे पैसे घातले आणि गप्पा तर ऐकू येतायत" ही तक्रार तिथून येते. हेडफोन बिघडलेला नसतो.

तर गप्पांसाठी घेत असाल तर एएनसीपेक्षा कानावर बसण्याकडे जास्त लक्ष द्या. पूर्ण कान झाकणारे, जाड कुशनचे हेडफोन किंवा घट्ट बसणाऱ्या रबरी टिपचे बड्स. कानाच्या तोंडाशी नुसते टेकून राहणारे, टिप नसलेले बड्स एएनसीचा शिक्का मारून विकले जातात. ऑफिससाठी मी ते सुचवत नाही. वर हलक्या आवाजात पावसाचा किंवा पंख्याचा सलग आवाज लावला की उरलेले शब्दही विरून जातात. ही फुकटातली युक्ती आहे.

बॉक्सवरचा ईएनसी

आता सगळ्यात मोठा घोळ. दीड-दोन हजारांच्या बड्सच्या बॉक्सवर मोठ्या अक्षरांत "ईएनसी" किंवा "क्वाड माइक ईएनसी" लिहिलेलं असतं आणि आपण तेच नॉइज कॅन्सलिंग समजतो. ईएनसी तुमच्या माइकसाठी असतं. तुम्ही कॉलवर बोलताना समोरच्याला मागचा ट्रक कमी ऐकू जावा म्हणून. तुमच्या कानाला त्याचा काडीचा उपयोग नाही. तुमच्या कानासाठी हवं ते एएनसी, म्हणजे "ॲक्टिव्ह" हा शब्द. दिवसभर क्लायंटचे कॉल घेणाऱ्याला ईएनसी चांगलं असणं गरजेचं आहेच, पण ते वेगळं खातं आहे.

दुसरा आकडा असतो "४५ डेसिबलपर्यंत". यातला "पर्यंत" वाचा. कुठल्या तरी एका फ्रिक्वेन्सीवर, प्रयोगशाळेत, टिप अगदी नीट बसवून मिळालेला तो सगळ्यात मोठा आकडा असतो. सगळ्या आवाजांवर तेवढा फरक पडत नाही, आणि दोन कंपन्यांची मोजण्याची पद्धत एक असेलच असं नाही. ४५वाला ४०वाल्यापेक्षा सरस, असं त्यावरून ठरवता येत नाही.

"हायब्रिड" हा शब्द मात्र कामाचा आहे. एक माइक बाहेर आणि एक आत, कानाजवळ. बाहेरचा आधी ऐकतो, आतला उरलेलं तपासून दुरुस्ती करतो. बजेटमध्ये बसत असेल तर हायब्रिडच बघा.

लोकलमधला हिशोब

ठाण्याहून ट्रान्सहार्बरने कोपरखैरणे किंवा तुर्भ्याला उतरायचं आणि पुढे रिक्षा किंवा बस, असा आमच्याकडच्या बऱ्याच जणांचा रस्ता. डब्याच्या आत एएनसी छान चालतं. दाराशी उभे राहिलात की गंमत जाते, कारण वारा थेट बाहेरच्या माइकवर आदळतो आणि चिप त्यालाच आवाज समजून कानात फडफड सोडते. रिक्षातही तेच. काही हेडफोनच्या ॲपमध्ये वाऱ्यासाठी वेगळा मोड असतो. रोज रिक्षाने जाणाऱ्याने घेण्याआधी तो आहे का बघावं.

लोकलमध्ये एएनसीचा खरा फायदा मला शांततेपेक्षा व्हॉल्यूममध्ये दिसतो. साधे इअरफोन असले की गाडीच्या आवाजावर मात करायला आपण आवाज चढवतो, आणि गाडी थांबल्यावरही तो तिथेच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकणं चालू शकतं. ९० डेसिबलवर फक्त ४ तास. रोज जाऊन-येऊन पाऊण तास धरला तरी सहा दिवसांत साडेचार तास होतात. म्हणजे ९०वर ऐकणाऱ्याचा आठवड्याचा कोटा नुसत्या लोकलमध्येच संपतो, आणि रात्रीच्या वेब सिरीज अजून बाकीच आहेत. कानाच्या आतल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. घरघर गेली की तेच गाणं बऱ्याच कमी आवाजात पुरतं.

पण स्टेशनातून बाहेर पडलात की एएनसी बंद. हे मी जरा जोरात सांगतो. हॉर्न बहुतेक वेळा ऐकू येतो. गायब होतो तो मागून येणाऱ्या ट्रकच्या इंजिनाचा आणि टायरचा आवाज, कारण तो नेमका खालच्या पट्टीतला. पावण्याच्या आतल्या रस्त्यांवर फुटपाथ असतोच असं नाही, कंटेनर वळताना-मागे येताना दिसतात, आणि आजूबाजूला रासायनिक कारखाने आहेत; कुठे भोंगा वाजला तर तो तुम्हाला ऐकू यायला हवा. ट्रान्सपरन्सी मोड यासाठीच आहे, बाहेरचा आवाज माइकमधून आत घेणारा. तरी रस्ता ओलांडताना एक कान मोकळा ठेवलेला बरा. आणि रूळ तर ओलांडायचेच नाहीत, कानात काही असो-नसो. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, सहा महिने कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

शेडमध्ये काम करणाऱ्या मित्रांसाठी अजून एक: गाण्याचे एएनसी हेडफोन म्हणजे कारखान्यातलं कानाचं संरक्षण नव्हे. तिथे कंपनीने दिलेले इअरप्लग किंवा इअरमफच घाला. पत्र्यावर हातोडा बसल्याचा ठणका इतका अचानक असतो की चिप त्यामागे धावेपर्यंत तो कानात पोचलेला असतो.

बड्स की मोठे हेडफोन?

इथे मी हवामानाकडे बघतो. मे महिन्यात नवी मुंबईत कान झाकणारे हेडफोन घालून प्लॅटफॉर्मवर उभं राहणं म्हणजे शिक्षा, आणि घामाने वर्ष-दोन वर्षांत कुशनचं रेक्झिन सोलायला लागतं. कुशन बदलून मिळतात का, केवढ्याला, हे घेतानाच विचारा. एसी ऑफिसात आठ तास बसणाऱ्याला किंवा लांबच्या विमानप्रवासाला मात्र तेच सोयीचे: एका चार्जवर वीस-तीस तास सहज, आणि बऱ्याच मॉडेलना वायर लागते, त्यामुळे विमानातल्या स्क्रीनवर सिनेमाही बघता येतो. बड्स एएनसी चालू ठेवून पाच-सहा तासांत मान टाकतात. उभ्याने प्रवास, रिक्षा, पाऊस असं असेल तर बड्स, आणि त्यात निदान आयपीएक्स४ असू द्या. घाम आणि शिंतोडे ते सोसतं, खिशासकट भिजणं नाही.

लॅपटॉप आणि फोन दोन्हीला एकाच वेळी जोडता येणं, म्हणजे मल्टिपॉइंट, ऑफिसवाल्याने सोडू नये. मीटिंग लॅपटॉपवर चालू असताना घरून फोन आला की त्याची किंमत कळते.

दुकानात गेलात तर गाणं लावून बघू नका, गाण्यात सगळेच हेडफोन चांगले वाटतात. काहीही न वाजवता घाला, एसीखाली उभे राहा आणि एएनसी चालू-बंद करा. मग बरोबरच्याला हाताच्या अंतरावरून नेहमीच्या आवाजात बोलायला सांगा. चार पावलं चाला. पाऊल टाकताना डोक्यात धप्प-धप्प होत असेल तर ती टिप तुमच्या कानाची नाही, दुसऱ्या मापाची मागा. दोन्ही कानांना एकच माप बसेल असंही धरून चालू नका. काहींना एएनसी चालू केलं की कान दडल्यासारखं होतं. दहा मिनिटं घालून बघा, नाही सुधारलं तर कमी-जास्त करता येणारं एएनसी असलेलं मॉडेल निवडा. ऑनलाइन मागवणार असाल तर परतीचा नियम आधी वाचा, कारण कानात घालायच्या वस्तू बऱ्याच ठिकाणी फक्त बिघाड असेल तरच बदलून मिळतात, "मला बसत नाहीत" हे कारण चालत नाही.