फवारणीचे विष आणि मेंदूतील दाह

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील घोडेगाव कांद्याच्या लिलावासाठी आणि जनावरांच्या बाजारासाठी ओळखले जाते. कांदा म्हटला की फुलकिडे आले आणि फुलकिडे म्हटले की पाठीवरचा फवारणी पंप आला. राज्यात फवारणीसाठी वापरल्या जाणाऱ्या औषधांत ऑर्गॅनोफॉस्फेट हा एक प्रमुख गट आहे. मराठीत त्यास 'सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके' म्हणतात. सेंद्रिय शेतीशी या नावाचा काहीही संबंध नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा या गटातील प्रोफेनोफॉस आणि मोनोक्रोटोफॉस ही नावे घरोघरी पोचली.

हे विष त्वचेतून, श्वासातून किंवा पोटातून शरीरात शिरते आणि अॅसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर निकामी करते. परिणामी अॅसिटिलकोलीन हे संदेशवाहक द्रव्य साचत जाते. तोंडाला फेस, बारीक झालेल्या बाहुल्या, घाम, स्नायूंची थरथर ही लक्षणे त्यातूनच उद्भवतात. येथवरची हकिगत बहुतेकांना ठाऊक असते. मेंदूची हानी मात्र एवढ्यावर थांबत नाही.

विषबाधा तीव्र असल्यास झटके येतात. झटक्यांमध्ये ग्लुटामेट अतोनात स्रवते, चेतापेशींत कॅल्शियम शिरते आणि त्या मरू लागतात. मेंदूतील पहारेकरी म्हणजे मायक्रोग्लिया पेशी. मेलेल्या पेशींची चाहूल लागताच त्या जाग्या होतात आणि इंटरल्यूकिन-1 बीटा, इंटरल्यूकिन-6, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर यांसारखे दाहाचे संकेत सोडतात. हेतू सफाईचा असतो. पण संकेत थांबले नाहीत तर रक्त आणि मेंदू यांमधील अडसर सैल होतो व शेजारच्या धडधाकट पेशीही बळी पडतात. उंदरांवरील प्रयोगांत ही द्रव्ये काही तासांतच वाढलेली दिसतात आणि मायक्रोग्लियाची खळबळ कित्येक आठवडे टिकते. विशेष म्हणजे अॅसिटिलकोलीन एरवी अल्फा-7 ग्राहकांमार्फत दाह शमवते. या विषबाधेत तेच द्रव्य झटक्यांना चालना देते, हा विरोधाभास संशोधकांनाही कोड्यात टाकणारा आहे.

20 मार्च 1995 रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सोडलेला सारिन वायू याच कुळातला. त्यातून बचावलेल्यांपैकी काहींना पुढे अनेक वर्षे स्मृती व एकाग्रतेच्या तक्रारी भेडसावत राहिल्या. आपल्याकडे मात्र रुग्णालयातून घरी सोडले की रुग्ण बरा झाला, असे मानण्याची रीत आहे. विसरभोळेपणा, चिडचिड, उदासी यांची नोंद कोणी ठेवत नाही.

उपचारांत अॅट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्सिम ही जुनी औषधे आजही वापरली जातात. दाह रोखणारी औषधे, विशेषतः प्रोस्टाग्लँडिनच्या ईपी-2 ग्राहकास अडवणारी संयुगे, प्राण्यांत उपयुक्त ठरली असली तरी रुग्णांसाठी अद्याप उपलब्ध नाहीत. म्हणून झटके डायझेपाम किंवा मिडाझोलामने लवकरात लवकर थांबविण्यास महत्त्व आहे; अर्धा-पाऊण तास लोटल्यावर ही औषधेही कमी लागू पडतात. विषबाधा झालेल्याचे कपडे तत्काळ काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाची बाटली वा तिचे लेबल डॉक्टरांकडे न्यावे. विष कोणत्या गटातले, हे त्यांना त्यावरूनच कळते.