आडनाव, वाडी आणि 'मी' : रायगड किनाऱ्यावरील बौद्ध तरुणांचे अंतर्द्वंद्व

'मी कोण?' हा प्रश्न तरुण वयात प्रत्येकाला पडतो. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन (१९०२-१९९४) यांनी १९५० साली मानवी विकासाचे आठ टप्पे मांडले. त्यातला पाचवा, किशोरवयाचा टप्पा याच प्रश्नाचा आहे. एरिक्सन स्वतः ज्यू घरात वाढले. शाळेत त्यांना ज्यू म्हणून चिडवत, तर सोनेरी केसांमुळे प्रार्थनास्थळातली मुले परका समजत. 'एरिक्सन' हे आडनावही त्यांनी १९३९ मध्ये स्वतःच घेतले. ओळख जन्माने मिळते तशी ती घडवताही येते, हे त्यांनी स्वतः जगून पाहिले होते.

आडनावानंतरचा प्रश्न

कोकणात जाधव, मोरे, पवार ही आडनावे अनेक समाजांत आढळतात. त्यामुळे अलिबाग, मुरूड वा श्रीवर्धनकडच्या मुलाला आडनावानंतर दुसरा प्रश्न हमखास येतो : "गाव कुठलं? वाडी कोणती?" हा प्रश्न साधा नसतो. विचारणाऱ्याला जात हवी असते. उत्तर देताना मुलगा क्षणभर थांबतो. खरे सांगावे की फक्त तालुका सांगून विषय बदलावा? तो क्षणभराचा थांबा म्हणजेच अंतर्द्वंद्व.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. त्या यादीत 'महारवाडा'सोबत 'बौद्धवाडा'ही होता. इथे तरुणांत दोन मते दिसतात. काहींना पत्त्यातून जात कळू नये असे वाटते. काही म्हणतात, 'बौद्ध' हे नाव आम्ही स्वीकारलेले आहे, ते का लपवायचे? दोन्ही भावना खऱ्या आहेत.

अर्जातले दोन रकाने

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतराने आजोबांनी जात सोडली. मग नातवाच्या दाखल्यावर ती का? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींचा दर्जा सुरुवातीला हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. म्हणून धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' आणि जातीच्या रकान्यात मूळ जात लिहावी लागते. जातीचा रकाना ही आपल्यावर झालेल्या अन्यायाची नोंद आहे, आपली श्रद्धा नव्हे. हा फरक घरात कोणी समजावून सांगितला नाही, तर मुलाला आपण खोटे लिहितो आहोत असे वाटत राहते.

आयती ओळख आणि कमावलेली ओळख

जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये ओळखीच्या चार अवस्था सांगितल्या : विखुरलेली, आयती मिळालेली, शोधात असलेली आणि कमावलेली. शिमग्याला किंवा गणपतीत मित्र बोलावतात, तेव्हा 'आपल्यात चालत नाही' एवढेच ठाऊक असणाऱ्याची ओळख आयती असते. बावीस प्रतिज्ञा का घेतल्या, हे वाचून, प्रश्न विचारून ज्याने ठरवले, तो मैत्री न तोडता नकार देऊ शकतो. त्याची ओळख कमावलेली.

शोध घ्यायला या जिल्ह्यात दूर जावे लागत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृती जाळली गेली. तळ्याचा हक्क उच्च न्यायालयात मान्य व्हायला १७ मार्च १९३७ उजाडले. राजपुरी खाडीजवळच्या कुडा लेण्यांतल्या शिलालेखांत माळी, वैद्य, लेखनिक अशा दात्यांची नोंद आहे. बौद्ध असणे या किनाऱ्याला नवीन नाही.

कार्यकर्त्यांसाठी

मुलगा वंदनेला येत नाही म्हणून त्याला 'समाजाला विसरला' असे लगेच म्हणू नये. मार्शियांच्या भाषेत तो कदाचित शोधात असेल. गावशाखेच्या किंवा मुंबई मंडळाच्या बैठकीत तरुणांना सतरंज्या उचलण्यापलीकडे काम द्यावे, त्यांचे अडचणीचे प्रश्न ऐकावेत. कोणी सतत गप्प, उदास राहू लागला तर 'टेली मानस'चा १४४१६ हा मोफत सरकारी क्रमांक त्याला द्यावा.

"वाडी कोणती?" हा प्रश्न उद्या बंद होणार नाही. उत्तर देताना आपल्या मुलाची मान खाली जाऊ नये, एवढे मात्र आपल्या हातात आहे.

जयभीम!