धाड, देवी आणि मागची रांग

डहाणूत आमच्या घरामागे घरकुलांची एक रांग आहे. शाळेत असताना तिथं धाड पडलेली पाहिली. गावठीचे कॅन ओतून दिले, एका मावशीला गाडीत बसवून नेलं. आठवड्याभरात धंदा पुन्हा सुरू! आता पुण्यात कोडमधले बग शोधताना ती धाड आठवते. एरर पुसली होती, बग तसाच होता.

हा बग जुना आहे. पूर्वी इथल्या पाड्यांवर मोहाची दारू घरीच गाळायचे. लग्नात, देवकार्यात ती लागायचीच. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला आणि घरची भट्टी गुन्हा ठरली. दारू प्यायची, पण ठेकेदाराच्या दुकानातली. ताडीच्या झाडांवर कर बसला. सरकारला दारू बंद करायची नव्हती, महसूल हवा होता. दुकानात उधारी वाढली, ठेकेदारच सावकार झाला, आणि कर्जापोटी जमिनी गेल्या.

मग १९२२ साल. पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांतून निघालेली 'सलाबाई' देवी आदिवासी पाड्यांत शिरली आणि उत्तरेला पार सुरत जिल्ह्यात पोचली. ती कुणाच्या तरी अंगात यायची आणि सांगायची: दारू-ताडी सोडा, रोज अंघोळ करा, दारूवाल्याकडे कामाला जाऊ नका. लोकांनी ऐकलं. तिकडे दारूची दुकानं ओस पडली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. त्यांच्या मते ही नुसती अंधश्रद्धा नव्हती. ज्यांच्या कर्जात आपण अडकलोय, त्यांच्या हातून सुटण्याचा तो प्रयत्न होता. पुढे बरेच जण पुन्हा प्यायला लागले, हेही खरं.

१९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा झाला. महाराष्ट्रानं पुढे तो सैल केला, गुजरातनं ठेवला. शेजारी दमणमध्ये दारू स्वस्त. त्यामुळे सीमेवरच्या तलासरीतून आजही चोरटी दारू जाते-येते, आणि धाडीही पडतात.

गेल्या दिवाळीत घरी गेलो तर मागची रांग शांत होती. बायकांनी बैठक घेऊन ठरवलं होतं, इथं कुणी विकायची नाही. बचत गटानं त्या मावशीला कर्ज दिलं. ती आता बाजारात सुकी मासळी विकते. मी विचारलं, "टिकेल का हे?"

"मासळी खपली तर टिकेल," मावशी म्हणाली.