मागं राहिलेल्यांचे चेहरे

आमचा धाकटा मामा नायजेरियाला गेला, तेव्हा तो देश आजोळी कुणालाच नकाशात दाखवता आला नसता. साल बहुतेक १९७७. आई ७८ म्हणायची. पण मामी म्हणायची, आणीबाणी उठल्यानंतरचा पहिला दसरा, मी सोनं देऊन निरोप दिला होता. मामीच्या दसऱ्यावर माझा जास्त विश्वास आहे. मामा कराडच्या बाजूला एका हायस्कुलात गणित शिकवायचा. १९७३ नंतर तेलाचे भाव चौपट झाले आणि तिकडच्या सरकारकडं पैसा आला. १९७६ साली त्यांनी सगळ्या पोरांना मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर केलं. शाळा निघाल्या, मास्तर कमी पडले. मग आपल्याकडून गणिताचे, विज्ञानाचे मास्तर निघाले. त्यात आमचा मामा.

पहिली नेमणूक उत्तरेला, कानो शहराच्या आसपास. तिथला मुलूख भुईमुगाचा. एके काळी कानोत शेंगदाण्याच्या पोत्यांचे पिरॅमिड रचलेले असत, हे मामाला तिथल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं. तो पोचला तोवर ते वैभव ओसरलं होतं. तरी बाजारात कुलीकुली मिळायची, म्हणजे तेल काढून उरलेल्या शेंगदाण्याच्या चोथ्याचे तळलेले कडक वेढे. आपल्याकडं पेंड म्हशीला घालतात. आजीला हे कळलं तेव्हा लेकाला तिकडं नीट खायला मिळत नाही असं वाटून तिनं दोन दिवस डोळ्याला पदर लावला. मामीचं मत वेगळं होतं. ती सांगायची, "अगं, तिखटमीठ लावून इतकी झकास लागायची, की पोरगी हट्ट करून मागायची."

आणि सिनेमा. हे सांगताना मामा खुर्चीत पुढं सरकून बसायचा. कानोत हिंदी सिनेमे लागायचे, लेबनॉनी व्यापारी ते आणायचे. भाषा कुणाला येत नसे, पण पोरं गाणी तोंडपाठ म्हणायची. वर्गात शिरल्यावर एकदा मागच्या बाकावरून मुंबईच्या सिनेमातलं गाणं ऐकू आलं आणि फळ्याकडं तोंड करून मामा क्षणभर तसाच उभा राहिला. 'मदर इंडिया' १९५७ चा, पण तिथं तो वर्षानुवर्षं लागत राहिला. बायाबापड्या नर्गिससाठी रडायच्या. पोटच्या पोरावर बंदूक रोखणारी आई त्यांना समजावून सांगावी लागत नव्हती. वांद्र्याच्या मेहबूब खानांनी बनवलेली आई तिथं सहाराच्या काठावर घरची होऊन बसली होती.

पुढं बदली होऊन मामा पूर्वेला एनुगूला गेला. इथला मुलूख इग्बो लोकांचा. गाव टेकड्यांतलं, माती लाल, आणि दगडी कोळशाच्या खाणी. मामीचा संसार खरा इथं रुळला. कसावाचं कंद किसून, आंबवून, भाजून गारी करतात. साबुदाणाही त्याच कंदाचा, हे मामाकडून कळल्यावर मामीनं निकाल दिला की गारी उपासाला चालते. एनुगूत ती एकादशीला दूधसाखर घालून गारी खायची. आंबवलेलं चालतं का, असं आजीनं पत्रातून विचारलं होतं. मामीनं त्या पत्राला उत्तर देताना बाकी सगळं लिहिलं, तेवढं सोडून. एगुसीचं कालवण तर तिनं इकडं परत आल्यावरही केलं, आपल्या मगजबियांचं कूट घालून. त्या कालवणाचा दाटपणा मला अजून आठवतो, चव मात्र पुसट झाली.

शेजारी एक म्हातारी राहायची. मामी तिला आजीच म्हणायची. पाहुणा आला की ती कोलाचं फळ आणायची आणि घरातला वडीलधारा पुरुष ते हातात धरून इग्बोत प्रार्थना म्हणायचा. ते फळ फोडून वाटल्याशिवाय बोलणं सुरू होत नसे. चवीला कडू जहर, पण मामीनं ते कधी नाकारलं नाही. आजीचा एक मुलगा बियाफ्राच्या, म्हणजे देशातून फुटून निघालेल्या या पूर्वेकडच्या मुलखाच्या, युद्धात गेला होता. जुलै १९६७ ते जानेवारी १९७०, अडीच वर्षांचं ते यादवी युद्ध. दहा लाखांहून जास्त माणसं मेली, आणि त्यांतली बहुतेक गोळीनं नव्हे, भुकेनं. नॉर्वेहून मदत म्हणून सुकवलेला कॉड मासा यायचा, त्यावर लेकरं जगली. युद्ध संपल्यावर बियाफ्रातल्या खातेदारांना, बँकेत कितीही जमा असो, हातावर २० पौंड ठेवले गेले.

हे सगळं आजीनं मामीला सांगितलं. मुलगा कसा गेला, हे मात्र कधीच नाही. ती सांगायची, त्या दिवशी चुलीवर कडू पाल्याचं कालवण होतं, ते तसंच टाकून रानात पळालो. थोरल्या सुनेनं कुणाचं मूल उचललं आणि कुणाचं राहिलं. परत आल्यावर भांडं जागेवर होतं, घर नव्हतं. मरणाच्या कडेनं जाऊन ती जिवंत माणसांपाशी थांबायची. आमची आजीही प्लेगच्या सालाबद्दल असंच बोलायची: कोण मेलं हे एका वाक्यात, आणि मागं राहिलेल्या मावशीनं तेरा दिवस कसं रांधलं, ते तासभर. तुमच्याही घरात असं बोलणारं कुणी असणार.

१९८३ च्या ३१ डिसेंबरला तिथं लष्करानं सत्ता घेतली. तेलाचे भाव उतरलेलेच होते. पुढच्या वर्षी नोटांचे रंग बदलले, सरहद्दी बंद झाल्या, बँकांपुढं रांगा लागल्या आणि घरी पैसे पाठवणं जिकिरीचं झालं. मामा पेट्या बांधून परत आला. बरोबर तिकडंच जन्मलेली माझी मामेबहीण. ती आता अमेरिकेत असते. तिनंच मला सिनेदिग्दर्शिका चिनोन्ये चुक्वूचं नाव सांगितलं.

चिनोन्ये १९८५ साली नायजेरियात जन्मली. मामा तिथून निघाल्यानंतर थोड्याच काळानं. तिचे आई-वडील दोघंही पेट्रोलियम इंजिनियर. ती तान्ही असतानाच कुटुंब अमेरिकेत ओक्लाहोमाला गेलं आणि मग तिच्या लहानपणीच अलास्कातल्या फेअरबँक्सला. ही दोन्ही राज्यं तेलाचीच. फेअरबँक्सला हिवाळ्यात पारा शून्याखाली चाळीसपर्यंत उतरतो आणि डिसेंबरात सूर्य चार तासही दिसत नाही. त्या बर्फात एक इग्बो घर, आणि त्या घरातली पोर शाळेत जवळजवळ एकटी काळी. त्या एकटेपणाबद्दल ती मोठेपणी मोकळेपणानं बोलली आहे. माझी मामेबहीण म्हणते, तिचं लहानपण वाचताना मला माझी आई आठवली, नव्या मुलखात आधी मसाले शोधणारी.

पुढं चिनोन्ये फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात सिनेमा शिकली. तिचा पहिला मोठा चित्रपट 'अलास्कालँड', २०१२ चा. आई-वडील अपघातात गेलेत, ताटातूट झालेली नायजेरियन भावंडं फेअरबँक्सलाच पुन्हा भेटतात. थोड्या पैशात, ओळखीच्या रस्त्यांवर केलेलं काम. त्यातही गोष्ट अपघाताची नाही, अपघातानंतर उरलेल्या दोघांची आहे. तिचा धागा मला तिथंच सापडतो.

२१ सप्टेंबर २०११ ला जॉर्जिया राज्यात ट्रॉय डेव्हिस नावाच्या माणसाला विषारी इंजेक्शन देऊन देहदंड दिला. तो निर्दोष आहे म्हणून जगभरातून लाखो लोकांनी विनवण्या केल्या होत्या. त्यांत काही निवृत्त तुरुंगाधिकारीही होते. ज्यांनी स्वतः अशी मरणं पार पाडली, तेच पत्रात लिहीत होते की नंतर हे ओझं उतरत नाही. चिनोन्येच्या मनात ते पत्र रुतलं. मारणाऱ्या यंत्रणेत नोकरी करणाऱ्या माणसाचं काय होतं, हा प्रश्न घेऊन ती कित्येक वर्षं तुरुंगाधिकाऱ्यांना, वकिलांना, कैद्यांना भेटत राहिली. ओहायोत राइट स्टेट विद्यापीठात शिकवत असताना तिनं डेटनच्या महिला तुरुंगात 'पेन्स टू पिक्चर्स' हा उपक्रम सुरू केला. कैदी बायकांनी स्वतःच्या गोष्टी लिहायच्या आणि त्यांचे लघुपट स्वतःच दिग्दर्शित करायचे. दयेच्या अर्जांच्या कामातही तिनं हात घातला. सिनेमासाठी माहिती गोळा करून निघून जाणारी ही बाई नव्हे, म्हणून मला तिच्याबद्दल आदर वाटतो.

यातून 'क्लेमन्सी' झाला. अल्फ्री वुडर्ड त्यात तुरुंगाची अधीक्षक आहे. वर्षानुवर्षं देहदंड पार पाडणारी, शिस्तीची, घरी आल्यावर झोप न लागणारी. नवरा शिक्षक, समजूतदार, पण दोघांमधलं बोलणं आटलेलं. शेवटच्या प्रसंगात अल्डिस हॉजनं केलेला कैदी मरतो आहे, आणि कॅमेरा आहे अधीक्षकेच्या चेहऱ्यावर. न हलता, न कापता, मिनिटामागून मिनिट. आधी काहीच होत नाही. मग डोळे भरतात. मला तिथं एनुगूची ती आजी आठवली. मी तिला कधी पाहिलंही नाही, मामीच्या तोंडूनच ओळखते. २०१९ साली सनडान्स महोत्सवात अमेरिकन कथाचित्रपटांसाठीचं सर्वोच्च पारितोषिक 'क्लेमन्सी'ला मिळालं. ते मिळवणारी ती पहिली काळी स्त्री.

मग २०२२ चा 'टिल'. एमेट टिल शिकागोचा, १४ वर्षांचा. लहानपणी पोलिओ झाला, त्यानं बोलताना अडखळायचा. शब्द अडला की शीळ घालावी, असं आईनंच त्याला शिकवलं होतं. १९५५ च्या ऑगस्टमध्ये तो मिसिसिपीत मोझ राइट या नातलगाकडं सुट्टीला गेला. तिथं एका गोऱ्या दुकानदारिणीशी आगळीक केल्याचा ठपका त्याच्यावर ठेवला आणि २८ तारखेच्या रात्री त्याला घरातून उचलून नेलं. तीन दिवसांनी टॅलाहॅची नदीत देह सापडला. ओळख पटली ती बोटातल्या अंगठीवरून, बापाची आद्याक्षरं कोरलेली. तिथल्या अधिकाऱ्यांना लगेच दफन उरकायचं होतं. आई मेमीनं ते थांबवलं, देह शिकागोला आणवला आणि शवपेटी उघडी ठेवली. माझ्या लेकराचं काय केलंय ते सगळ्यांनी बघावं, हे तिचं म्हणणं. हजारोंनी लोक आले. 'जेट' मासिकानं ते छायाचित्र छापलं. खटल्यात साठी ओलांडलेला मोझ राइट उभा राहिला आणि भर न्यायालयात त्यानं आरोपींकडं बोट दाखवलं. मिसिसिपीत काळ्या माणसानं असं करणं म्हणजे जिवाशी खेळ. सगळ्या गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीनं तासाभरात दोन्ही आरोपींना सोडलं. काही महिन्यांनी त्या दोघांनी एका मासिकाकडून पैसे घेऊन खुनाची कबुली दिली.

अशा गोष्टीत दिग्दर्शकाला मारहाण दाखवण्याचा मोह होतो. चिनोन्येनं आधीच ठरवलं होतं की काळ्या देहावरची हिंसा पडद्यावर दाखवायची नाही. ती बघत राहते मेमीकडं, म्हणजे डॅनिएल डेडवायलरकडं. शवागारात आईचे हात लेकाच्या पायापासून वर सरकतात, आणि ते आई म्हणून, ओळखीच्या खुणा शोधत. साक्षीच्या पिंजऱ्यात ती बोलते तेव्हा प्रश्न विचारणारे वकील बाजूला राहतात, दिसतो तो तिचाच चेहरा. मेमीच्या आईचं काम व्हूपी गोल्डबर्गनं केलंय. नातवाला सुट्टीला पाठवा म्हणणारी आजी नंतर स्वतःला काय काय बोलली असेल, ते त्यांच्या नुसत्या बसण्यातून कळतं. कानोच्या थिएटरात नर्गिससाठी रडणाऱ्या बायांसमोर हा सिनेमा लागायला हवा होता, असं मामी असती तर नक्की म्हणाली असती.

खरी मेमी २००३ साली वारली, एमेटनंतर कित्येक वर्षं शिकागोत शाळामास्तरीण म्हणून पोरांना शिकवून. वंशद्वेषाच्या झुंडबळीला केंद्रीय गुन्हा ठरवणारा, एमेटच्या नावाचा कायदा अमेरिकेत मार्च २०२२ मध्ये झाला, चित्रपट लागण्याच्या थोडंच आधी. डेडवायलरला ऑस्करचं नामांकनसुद्धा मिळालं नाही, तेव्हा चिनोन्ये उघडपणे चिडली. माझ्या मते रास्त चिडली.

हे सिनेमे बघायचे तर 'क्लेमन्सी' आधी बघा, 'टिल' नंतर. आणि घरात मामी, आत्या, आजी असेल, तर त्यांना शेजारी बसवून बघा. इंग्रजी कळलं नाही तरी चालेल. मध्येच त्या दुसरंच काही सांगायला लागल्या, तर सिनेमा थांबवा आणि त्यांचं ऐका.